‘लेडीज नी’ वेगळा असतो का? गुडघ्याचं हाड आणि सांध्याचं माप

गुडघा बदलायच्या ऑपरेशनमध्ये आईंच्या गुडघ्याला परदेशी इम्प्लांट (कृत्रिम सांधा) मोठं पडेल का आणि ‘लेडीज नी’साठी, म्हणजे खास बायकांचा म्हणून विकल्या जाणाऱ्या सांध्यासाठी, जास्तीचे पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. मोठं पडू शकतं, पण फक्त नावाचा ‘लेडीज नी’ घेऊन ते टळत नाही.

मांडीच्या हाडाचं माप ठरतं ते पुढून मागे. रुंदी नंतर बघतात, कारण गुडघा वाकवल्यावर सांध्यात किती जागा राहते ते या पुढच्या-मागच्या मापावर अवलंबून असतं. कंपन्यांच्या सायझेसमध्ये साधारण 2 ते 4 मिमीचं अंतर असतं आणि हाड नेमकं दोन सायझेसच्या मध्ये आलं की कसरत सुरू होते. मागची बाजू धरून मापलं आणि लहान साइझ घेतला, तर हाडाच्या पुढच्या कठीण कवचाला खाच पडू शकते आणि तिथून पुढे फ्रॅक्चरची भीती असते. मोठा घेतला तर गुडघ्याच्या वाटीखाली गर्दी होते आणि गुडघा पुरता वाकत नाही. पुढची बाजू धरून लहान घेतला, तर मागचं हाड जास्त कापलं जातं. मग वाकलेला गुडघा सैल राहतो आणि जिना उतरताना भरवसा वाटत नाही.

बायकांचं हाड त्याच पुढच्या-मागच्या मापाला पुरुषांपेक्षा अरुंद असतं आणि आपल्याकडे एकूणच मापं लहान. त्यामुळे धातू बाजूने बाहेर डोकावतो. 3 मिमी किंवा त्याहून जास्त बाहेर आला, तर दोन वर्षांनंतरही गुडघा दुखत राहण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, असं एका अभ्यासात दिसलं. म्हणून काही कंपन्या त्याच मापात ‘नॅरो’ म्हणजे अरुंद साइझ देतात. झिमर या अमेरिकी कंपनीने 2006 मध्ये खास बायकांसाठी म्हणून सांधा आणला. पुढे कोरियात त्याच बाईच्या एका गुडघ्यात तो आणि दुसऱ्यात नेहमीचा बसवून पाहिला, तर दुखण्यात वा हालचालीत लक्षणीय फरक निघाला नाही. पैसे नावासाठी नकोत. नॅरो साइझ हाताशी असणं मात्र महत्त्वाचं.

नडगीच्या हाडाची गंमत वेगळी. त्याचा आतला भाग पुढून मागे लांब, बाहेरचा आखूड. त्यावर धातूची प्लेट बसवतात; दोन्ही बाजू सारख्या असलेली प्लेट हाड पूर्ण झाकायच्या नादात आत वळते आणि मग वाटी बाहेर सरकायला लागते. वळण बरोबर ठेवलं, म्हणजे गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या आतल्या एक-तृतीयांश भागाच्या रेषेत, तर प्लेटचा मागचा-बाहेरचा कोपरा हाडाबाहेर येऊन तिथल्या स्नायूच्या दोरीला (टेंडनला) घासतो. माझ्या मते वळण आधी, झाकणं नंतर. एक-दोन मिमी हाड उघडं राहिलं तर चालतं, धातू बाहेर आलेला चालत नाही. प्लेट फारच लहान घेतली तर ती मऊ हाडात दबते, हेही लक्षात असू द्या. दोन्ही बाजू सारख्या नसलेली प्लेट मिळाली तर हा पेच बराच सुटतो.

वाटी पातळ असेल तर ती कापून प्लास्टिक बसवायचं की तशीच ठेवायची, हेही आधी विचारा. कापल्यावर साधारण 12 मिमी तरी हाड उरायला हवं.

ऑपरेशनआधी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला एक्स-रे झाला का ते बघा. मांडीचं हाड बाहेर वाकलेलं असेल तर छेदाचा कोन बदलतो आणि नुसत्या गुडघ्याच्या एक्स-रेत ते दिसत नाही. शेजारी ठरावीक मापाचा धातूचा गोळा ठेवून एक्स-रे काढला की त्यात हाड किती मोठं दिसतंय याचा हिशेब लागतो. तरी अंदाज एखाद्या साइझने इकडेतिकडे होऊ शकतो; शेवटचा निर्णय ट्रायल, म्हणजे मापाचे तात्पुरते भाग, लावून ऑपरेशनच्या टेबलावरच.

तेव्हा सर्जनना एवढंच विचारा: “सेटमध्ये सगळ्यात लहान आणि नॅरो साइझ येणार आहेत ना?” आणि डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवलेले इम्प्लांटचे स्टिकर फेकू नका. पुढे कधी सांध्यातलं नुसतं प्लास्टिक बदलायची वेळ आली, तर कंपनी, मॉडेल आणि साइझ त्यावरूनच कळतं.