अरण्यविहाराच्या जागेबद्दल

आयुष्मान,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि नकाशा मिळाला. भिक्खूंना जंगलात राहण्यासाठी तू काढणार असलेल्या विहाराची हरसूलच्या बाजूची जागा, सभागृह, सहा कुट्या, कमान, बोअरवेल, सगळं नीट मांडलंयस. भन्तेंच्या, म्हणजे तिथे राहणाऱ्या भिक्खूंच्या, पात्रात रोज सकाळी भात कोण वाढणार, ते मात्र कुठे दिसलं नाही.

भिक्खू स्वयंपाक करत नाहीत, अन्न साठवत नाहीत, पैसा हाताळत नाहीत, दुपारनंतर जेवत नाहीत. अरण्यात राहिले तरी गाव त्यांना रोज लागतं. अरण्यवासासाठी गावापासून किमान ५०० धनुष्यांचं अंतर सांगितलंय, म्हणजे साधारण एक किलोमीटर. गावाचा गलका पोचू नये, पण पिंडपात, म्हणजे दारोदारची भिक्षा, करून वेळेत परतता यावं. तुझी जागा पाड्यापासून सहा किलोमीटर, मध्ये ओढा. श्रावणात तो ओलांडता येतो का, तिथल्या गुराख्याला विचार.

आमचं इथेच चुकलं होतं. डोंगराच्या कुशीत पत्र्याची शेड घातली, दोन भन्तेंना वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहायला, बोलावलं. रविवारी नाशिकरोडहून टेम्पो भरून माणसं यायची, खीर उरायची. मंगळवारी कुणी नाही. पाड्यातल्या लोकांना आम्ही साधं विचारलंही नव्हतं. मग एका मंगळवारी भर पावसात एक आजी आली. पळसाच्या पानात नागलीची भाकरी, वर लाल मिरचीचा ठेचा. भाकरीची वाफ निघत होती आणि पात्रात ठेवताना तिचा हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी ती सुनेलाही घेऊन आली. विहार सुरू झाला तो त्या दिवशी.

म्हणून आधी पाड्यात जा. डोंगऱ्यादेवाच्या, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या देवाच्या, उत्सवाला बोलावलं तर जाऊन बस. धर्म बदला म्हणू नकोस. पाण्याबद्दल, वाटेबद्दल, गुरं कुठे चरतात त्याबद्दल बोल. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, तेव्हा कुणाच्या नावाआड लपून ती घेऊ नकोस. वनजमिनीवर खांबही रोवू नकोस. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे झाल्याशिवाय पावतीपुस्तक छापू नकोस.

पैशाचं म्हणशील, तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर (पांडवलेण्यांवर) जा आणि १० क्रमांकाच्या लेण्यातला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख बघ. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. त्यातल्या २००० वर महिना शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. तो लेख वाचताना मला दरवेळी भरून येतं. एवढा मोठा दाता, पण भिक्खूच्या अंगावरच्या वस्त्राची सोय त्याने गावच्या विणकरांच्या हाती सोपवली.

बांधकाम अगदी थोडं ठेव. भिक्खूने स्वतः साहित्य मागून स्वतःसाठी उभारलेल्या कुटीला विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, सुगताच्या (बुद्धाच्या) वितीने बारा विती लांबी आणि सात विती रुंदी, एवढीच मुभा आहे. भिक्खूंना माती खणता येत नाही, झाड तोडता येत नाही, तेव्हा ते कष्ट तुम्हा पोरांचे. कमान बांधूच नकोस. तिच्या पैशात ओढ्यावर साकव होतो का, बघ.

आषाढ पौर्णिमेच्या आधी एक वही कर. सोमवार ते शनिवार कुठल्या घरून भात येईल, कुठल्या घरून भाजी, त्या बायकांना विचारूनच लिही. ती वही घेऊन माझ्याकडे ये, मग आपण दोघं भन्तेंना भेटायला जाऊ.

तुझा,
काका