विरजणे, आंबणे, सडणे, कुजणे, नासणे: फरक काय?

प्रश्न असा आहे: पाठ्यपुस्तकात 'किण्वन' आणि 'विघटन' हे दोनच शब्द भेटतात, घरात मात्र विरजणे, आंबणे, सडणे, कुजणे, नासणे असे पाच. हे सगळे समानार्थी मानायचे का?

मुळीच नाही. सूक्ष्मजीव काय खातात आणि खाऊन मागे काय टाकतात, हे या शब्दांत बरंच नेमकं उतरलं आहे.

विरजणे फक्त दुधाचं. दुधात सुमारे ५ टक्के दुग्धशर्करा असते. विरजणातले जिवाणू ती पेशीत ओढून घेतात, तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतात, त्यातून थोडी ऊर्जा मिळवतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. दुधाचा सामू (pH; तो जितका कमी तितकं आंबट) ६.६ च्या आसपास असतो, तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे दुधातलं प्रथिन गोठतं आणि दही लागतं. पण नुसत्या साखरेवर त्यांची वाढ होत नाही, नत्रही (नायट्रोजन) लागतो. योगर्टमधली जिवाणूंची जोडी हे फार सुंदर रीतीने भागवते: बल्गेरिकस केसीनचे तुकडे करून थर्मोफिलसला अमिनो आम्लं पुरवतो आणि थर्मोफिलस त्याला फॉर्मिक आम्ल देतो.

आंबणे याहून व्यापक. इथेही खाणं साखरेचंच आणि मागे आम्लच. पण इडलीच्या पिठातले ल्युकोनोस्टॉक जिवाणू सोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतात, म्हणून पीठ नुसतं आंबत नाही, फुगतंही. हा शब्द चांगलंवाईट ठरवत नाही. पीठ आंबलं तर बरं झालं, वरण आंबलं तर टाकून द्यायचं.

सडणे मात्र नाकाला कळतं. प्रथिनांचे मोठे रेणू पेशीत शिरू शकत नाहीत, म्हणून जिवाणू विकरं (एन्झाइम) बाहेर सोडून ते तिथेच पचवतात आणि सुटलेली अमिनो आम्लं आत घेतात. ती ऊर्जेसाठी वापरताना उरलेला नत्र आणि गंधक अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड अशा रूपांत बाहेर पडतो. दुर्गंधी येते ती त्याची. बटाटा सडतो तेव्हा पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळतं, म्हणून तो लिबलिबीत होतो.

कुजणे हा शेतातला शब्द, आणि 'कुजकट बोलणं' सोडलं तर त्यात मला काही वाईट दिसत नाही. पाचोळ्यात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र अगदी थोडा. म्हणून खताच्या ढिगात शेणकाला घालतात. कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३०:१ असलं की तो लवकर कुजतो. न कुजलेलं काड मातीत गाडलं, तर सूक्ष्मजीव वाढीसाठी मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. 'चांगलं कुजलेलं शेणखत' हा आग्रह त्यासाठीच.

प्रयोजक रूपंही पाहा. पीठ आंबवतात, पाचोळा कुजवतात. दोन्हींत हेतू आहे, मेहनत आहे. 'दूध नासवलं' म्हटलं की बहुधा कुणावर तरी ठपका येतो. अपवाद पनीरचा: तिथे मुद्दाम लिंबू पिळून दूध नासवतात, आणि त्या कामात जिवाणूंचा काहीच हात नसतो. नासणे हा शब्द फक्त झालेला परिणाम सांगतो, कुणी काय खाल्लं ते सांगत नाही.