शिऱ्यात मध का नाही?

प्रिय सई,

तुझा प्रश्न पोचला. आजी म्हणते साखरेपेक्षा मध चांगला, मग ती शिऱ्यात, पुरणात, लाडवात मध का घालत नाही? आणि मामीच्या बाळाला मध चाटवायचा की नाही, यावर घरात एवढी चर्चा कशाला?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. मध ही सुद्धा साखरच आहे. १०० ग्रॅम मधात साधारण ८० ग्रॅम साखरा असतात, त्यातही फ्रुक्टोज जास्त आणि ग्लुकोज त्याच्या खालोखाल. उरलेलं बहुतेक पाणी. वजनाला वजन धरलं तर मधात उष्मांक कमी: १०० ग्रॅमला ३०० च्या आसपास, साखरेत ३९० च्या आसपास. पण आपण वजन थोडंच करतो? आपण चमचा घेतो. साखरेचा छोटा चमचा ४ ग्रॅमचा, मधाचा ७ ग्रॅमचा. म्हणजे चमच्याला चमचा घातलास तर उष्मांक मधातच जास्त जातात. जागतिक आरोग्य संघटनाही मधाला वरून घातलेल्या साखरेतच मोजते. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहायचं, तर मधाच्या चार चमच्यांत तो वाटा संपला. मधात जीवनसत्त्वं आणि खनिजं असतात खरी, पण इतकी किंचित की त्यासाठी मध खाण्यात अर्थ नाही. आजोबांची शुगर वाढलेली असताना "मध चालतो हो" असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नकोस.

मग फायदा कुठे? खोकल्यात. घसा खवखवत असेल तर झोपताना एक चमचा मध नुसता चाटायचा आणि वर लगेच पाणी प्यायचं नाही. आजी त्यात आल्याचा रस आणि चिमूटभर हळद घालते, तेही छान. ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही साध्या खोकल्याला अँटिबायोटिक न देता आधी मध घेऊन बघा, असंच आहे. आजीला हे नक्की सांग, खूश होईल.

आता स्वयंपाकघर. पुरण शिजवताना गूळ आटतो आणि उलथनं उभं राहील इतकं घट्ट होतं. मध तसा आटून कोरडा होत नाही. तो हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून तिळाच्या वडीत घातला तर वडी कडक होत नाही, बोटांना चिकटत राहते. बेसनाच्या लाडवाचंही तेच: पिठीसाखरेने येणारा रवाळपणा जातो आणि लाडू दाताला चिकटतो. श्रीखंडात चक्का सैल पडतो. शिऱ्यात घातलास तर तो लवकर करपतो, आणि वेलचीचा वास मधाखाली दबतो. केकमध्ये मात्र जमतो. एक वाटी साखरेऐवजी पाऊण वाटी मध घे, दूध-पाणी तीन-चार मोठे चमचे कमी कर, मध आम्लधर्मी असतो म्हणून चिमूटभर सोडा घाल आणि ओव्हन १५ अंश खाली ठेव, नाहीतर वरून काळा आणि आत कच्चा. सरबतात घालताना थंड पाण्यात टाकलास तर गोळा तळाशी बसतो. आधी दोन चमचे कोमट पाण्यात विरघळव, मग लिंबू पिळ. शिकरणात तर साखरेपेक्षा मधच बरा.

"गरम चहात मध नको" हा आजीचा नियम आयुर्वेदातला. एका कपाने विषबाधा होत नाही, पण उकळत्यात घातलास तर मधाचा वास आणि त्यातली नाजूक द्रव्यं जातात. मग उरतो तो महागडा पाक. कप हाताला सोसवेल इतका निवला की घाल. तूप आणि मध समान प्रमाणात नको, हेही तिथलंच. म्हणून पंचामृतात दोन्हींचं माप वेगळं ठेवतात. ते का, हे आजच्या विज्ञानाने काही सिद्ध केलेलं नाही. पण पाळायला काय लागतं?

बाळाच्या बाबतीत मात्र मी 'मध नको' म्हणणाऱ्या मामीच्या बाजूने आहे, आणि इथे माघार नाही. सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाला चाटवणं ही आपल्याकडची जुनी चाल. पण मधात बोटुलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. बाळ मलूल होतं, रडणं क्षीण होतं, दूध ओढत नाही, श्वासही अडकू शकतो. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत आणि मध शुद्ध असला तरी धोका तोच. वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही नको. विधी करायचाच असेल तर कोरडी, स्वच्छ अंगठी ओठाला लावा, गुरुजी ऐकतील.

महाबळेश्वरला जाल तेव्हा जवळच मांघर आहे. २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथे पेट्यांत सातेरी या देशी जातीच्या माश्या पाळतात. विकत घेताना मध यंत्राने काढलाय की पिळून, ते विचार. पोळं पिळलं की मधात मेण आणि अळ्यांचा रसही उतरतो. माश्यांनी मेणाने घरं बंद करण्याआधी काढलेला मध कच्चा असतो. त्यात पाणी जास्त राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांत फेस येऊन आंबतो. पाण्याच्या ग्लासात थेंब सोडून किंवा काडी पेटवून शुद्धता कळते म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. घट्ट साखरेचा पाकही त्या परीक्षेत पास होतो. प्रयोगशाळेतल्या कार्बनच्या चाचणीत ऊस-मक्याचा पाक सापडतो, तांदळाचा त्यातूनही निसटतो.

आणि फडताळातली ती जुनी बाटली, जिच्या तळाशी रवा बसलाय, ती आजीला टाकू देऊ नकोस. ते ग्लुकोजचे खडे आहेत, भेसळ नव्हे. पातेल्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी घे, झाकण सैल करून बाटली त्यात अर्धा-पाऊण तास ठेव, मधून मधून कोरड्या चमच्याने ढवळ. गॅसवर थेट ठेवायची नाही, आणि नंतर फ्रिजमध्येही नाही.

तुझी,
आई