बागेत वर्षभर तेच पक्षी दिसतात, मग सीझनप्रमाणे बघायचं काय?

तुम्ही विचारलंय की बागेत बारा महिने तेच बुलबुल, तोच दयाळ, तेच सूर्यपक्षी दिसतात, मग लोक सीझनप्रमाणे पक्षी बघतात म्हणजे नेमकं काय बघतात, आणि त्यासाठी दाणे, दुर्बीण वगैरे काय काय लागतं. मी गेली सात वर्षं रोज सकाळी अर्धा तास एकाच खिडकीत बसतोय, त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, यादी वाढवायच्या मागे लागू नका. त्या तुमच्या तीन-चार पक्ष्यांतला एक पकडा आणि तो वर्षभर काय करतो एवढंच बघा. मी सूर्यपक्ष्यापासून सुरुवात केली. उन्हाळ्यात नर कसा असतो तुम्हाला माहितीच असेल, लांबून काळा आणि ऊन पडलं की जांभळा-निळा चमकणारा. पहिल्या वर्षी पावसाळा संपता संपता तो दिसेनासा झाला, मला वाटलं गेला कुठेतरी, आणि त्याच फुलांवर एक पिवळट पोटाचा पक्षी यायला लागला, गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळा पट्टा. मी वहीत "नवीन पक्षी" असं लिहून ठेवलं. दोन महिने तो नवीनच होता माझ्यासाठी. मग थंडीत त्याच्या अंगावर जांभळे ठिपके उमटायला लागले तेव्हा कळलं की हा तोच आहे, विणीचा हंगाम संपला की नर तो चकचकीत पिसारा उतरवतो आणि साधी पिसं घालून बसतो. बागेत यादी एकने कमी झाली पण त्या दिवशी मला जो आनंद झाला तो नवीन पक्षी दिसूनही झाला नसता.

उन्हाळा मात्र डोळ्यांपेक्षा कानांचा आहे. दयाळ थंडीत जवळजवळ गप्प असतो, झुडपाखाली शेपटी वरखाली करत फिरतो आणि आपलं लक्षही जात नाही, पण मार्च लागला की उजाडायच्या आधीच तारेवर बसून शीळ घालायला लागतो. तांबटाचं टुक-टुक-टुक पण तसंच, आणि कोकीळही, म्हणजे हे सगळे हिवाळ्यात इथेच असतात, फक्त बोलत नाहीत. (गातो तो कोकीळ, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती किक-किक-किक करून ओरडते आणि बऱ्याच लोकांना तो वेगळाच पक्षी वाटतो.) म्हणून वहीत "दिसला" बरोबर "पहिल्यांदा गायला" याची तारीखही लिहा. दोन-तीन वर्षांच्या तारखा समोरासमोर ठेवल्या की बघायला मजा येते.

पावसाळ्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण तिथे मी चूक केलीय. शिंपी पक्षी मोठ्या पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडतो, कापसाचे तंतू, कोळ्याचं जाळं असं काहीबाही त्यातून ओवून पान शिवतो आणि आतल्या पिशवीत घरटं करतो. अंगणाच्या कोपऱ्यातल्या झाडावर कंबरेएवढ्या उंचीवर मला एक सापडलं, आत तीन अंडी. मी दिवसातून दोनदा पान बाजूला करून बघायचो, मोबाईलवर फोटो काढायचो. पिल्लं निघाली आणि चौथ्या दिवशी सकाळी भारद्वाज त्याच फांदीवर बसलेला, घरटं फाटलेलं, आणि ते दोन इवलेसे पक्षी संध्याकाळपर्यंत तिथेच ओरडत होते. माझ्यामुळेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण आपण पानं हलवतो, पालक पक्षी घाबरून आरडाओरडा करतात, आणि शिकारी पक्ष्याला तेवढं पुरतं. तेव्हापासून घरटं सापडलं की मी लांब जाऊन बसतो. पिल्लं किती झाली हे आई-बाप किती वेळा अळी घेऊन येतात त्यावरून अंदाजे कळतं की, आत डोकावायची गरज नाही. आणि हो, छाटणी या महिन्यांत करू नका. जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर लगेच उचलून घरात आणू नका, बहुतेक वेळा ते नुकतं घरट्यातून बाहेर पडलेलं असतं आणि आई-बाप जवळपासच भरवत असतात. मांजर असेल तर फक्त शेजारच्या झुडपात ठेवा, हात लावला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबरला बाग एकदम शांत वाटते, पक्षी गेले असं वाटतं, पण बरेचसे पिसं बदलत असतात त्यामुळे लपून राहतात. आणि याच वेळी पाहुणे, म्हणजे फक्त हिवाळ्यापुरते येणारे पक्षी, यायला लागतात. आमच्याकडे पहिला येतो करडा धोबी, पोटाला पिवळा, सारखी शेपटी हलवणारा. मागोमाग हिरवट वटवट्या, दहा ग्रॅमसुद्धा भरणार नाही एवढा जीव, पानांत दिसत नाही पण दिवसभर ची-विट ची-विट चालू. हा हिवाळ्यातही स्वतःची हद्द राखतो आणि पुढच्या वर्षी बऱ्याचदा त्याच जागी परत येतो, म्हणजे तुमच्या बागेतला यंदाचा वटवट्या कदाचित गेल्या वर्षीचाच असेल! मला हे कळल्यापासून तो आवाज आला की काम थांबवून ऐकतो.

दाण्यांबद्दल, खरं सांगायचं तर मी घालत नाही. वर सांगितलेल्यांपैकी एकही पक्षी दाण्यांसाठी येत नाही, त्यांना किडे, फळं, मध लागतो, म्हणून औषध फवारणं बंद केलं आणि वाळका पालापाचोळा एका कोपऱ्यात तसाच ठेवला तर जास्त फरक पडतो. पाणी मात्र जरूर ठेवा, पसरट भांडं, दोन बोटं खोल, झुडपाजवळ पण मांजराला दबा धरता येणार नाही असं, आणि एक दिवसाआड घासून पाणी बदला नाहीतर डास होतात.

दुर्बीण पहिल्या वर्षी नको. नंतर घ्यायची असेल तर 8 बाय 42 घ्या (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलीमीटरचं), जास्त पॉवरची हातात हलते. आवाज ओळखायला मर्लिन ॲप बरं आहे पण त्याने नाव सांगितलं तरी पक्षी स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहू नका.