कागदावर नुसतं ‘नागपूर’ लिहिलं असेल तर?

प्रश्न : रामटेककडे जाताना कालव्याच्या कडेला चिखलात बारीक, फिक्या निळ्या फुलांचं रोप दिसलं. मोबाइलवरच्या ॲपनं ‘व्हेरोनिका’ सांगितलं. आमच्या कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात (दाबून वाळवलेली, कागदावर चिकटवलेली रोपं) याच नावाचा एक जुना नमुना आहे, त्यावर ठिकाण फक्त ‘नागपूर’. मग हे रोप आपल्या जिल्ह्यातलं आहे, असं प्रोजेक्टमध्ये लिहू का?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : इतक्यात लिहू नकोस. आधी भिंग घेऊन फूल बघ. व्हेरोनिकाच्या पाकळ्या चार, त्यातली खालची जरा अरुंद, आणि पुंकेसर दोनच. पाच पाकळ्या, पाच पुंकेसर दिसले तर ती विष्णुक्रांता असू शकते. आपल्या माळरानावर ती पुष्कळ. खोड पोकळ, पानं बिनदेठाची व समोरासमोर, पानांच्या बगलेतून फुलांचे तुरे, असं असेल तर व्हेरोनिका ॲनागॅलिस-ॲक्वाटिका या जातीचा संभव आहे. व्हेरोनिकाचीच दुसरी जात, व्हेरोनिका पर्सिका, हिला तुरे नसतात. बगलेत लांब देठावर एकेकटं फूल येतं.

आता तो जुना कागद. नुसतं ‘नागपूर’ वाचून माझं समाधान होत नाही. १८६१ पासून हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे इथून गेलेला प्रत्येक नमुना शहराजवळचाच असेल असं नाही. शिवाय छोटा नागपूर म्हणजे झारखंडकडचं पठार. कागदावरच्या मजकुराची नक्कल करताना ‘छोटा’ गळलं की रोप शेकडो मैल सरकलं! म्हणून तारीख बघ, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्यानं आपल्या नमुन्यांना ओळीनं घातलेला क्रमांक बघ. त्याच माणसाचे आधीचे-नंतरचे क्रमांक इतर कागदांवर सापडले, की त्या दिवसांत तो कुठे हिंडत होता ते उलगडतं. हे काम चिकाटीचं आहे, पण माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा जीव त्यातच आहे.

तुझ्या रोपाचाही नमुना कर. नुसत्या फोटोत पुंकेसर नीट दिसतीलच असं नाही. या फुलाच्या पाकळ्या हात लागताच गळतात आणि दाबल्यावर निळा रंग उडतो, तेव्हा रंग जागेवरच वहीत टिपून घे. फळ धरलेली फांदीच घे. बोंडाच्या टोकाची बारीक खाच ओळखीला लागते. दाबातले वर्तमानपत्राचे कागद रोज बदल, नाहीतर पाणथळ रोप काळं पडतं. ओळख पक्की करायला पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे विचार. रोपं थोडीच असतील तर एक फांदी पुरे, मूळ उपटू नकोस.