छापील कुलवृत्तांतातली (घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकातली) चूक सगळे तशीच उतरवतात. पुरावा कुठे शोधायचा?

आधी कोतवाल बुक, म्हणजे जुना गाव नमुना 14. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मिळते. जुनी पानं बहुतेक मोडी लिपीत, तेव्हा वाचणारा सोबत न्या.

आमच्याकडे पणजोबांचं जन्मसाल तीन पिढ्या 1888 चाललं होतं. मूळ नोंद निघाली माघ, शके 1810. इसवी सन काढताना कुणीतरी डोळे झाकून 78 मिळवले होते! माघ-फाल्गुनात इसवी सन बदललेलं असतं, तेव्हा 79 मिळवायचे, म्हणजे 1889.

नात्याचा घोळ असेल तर वारसाचे फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवल्याच्या नोंदी, बघा. दत्तक गेलेला मुलगा वंशावळीत हमखास चुकीच्या फांदीवर बसवलेला असतो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्याही चाळा, यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं त्यात असतात. जुनं साल खोडू नका, शेजारी नवं लिहून नोंदीचा फोटो जोडा. नाहीतर काका लोक ऐकत नाहीत.