ती रडली तर चालेल

ताई,

मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्यानंतर मूल झालं नाही, म्हणून आम्ही दत्तक घ्यायचं ठरवलं. अर्ज, मुलाखती, होम स्टडी (घराची-कुटुंबाची पाहणी), पुन्हा कागद, असं सगळं होऊन आता परदेशातल्या एका बालगृहातली तीन वर्षांची मुलगी आम्हाला द्यायचं नक्की झालंय. पाच आठवड्यांनी निघायचं आहे. नवरा म्हणतो, प्रेम दिलं की पोर आठवड्यात रुळेल. सासूबाईंनी तिच्यासाठी नवीन नाव काढून ठेवलंय आणि परतीच्या दिवशी झाडून सगळ्या नातेवाइकांना विमानतळावर गोळा करायचा बेत आखलाय. त्या तब्येतीने धडधाकट आहेत आणि उत्साहाचं तर विचारूच नका. मी मात्र रात्र-रात्र जागी असते. बॅगेत काय भरायचं याच्या याद्या करते आणि फाडते. मुलाला बरोबर न्यावं की इथे ठेवावं, तेही ठरत नाही. पण खरा प्रश्न लिहायलाच लाज वाटतेय. मला बघून ती रडायला लागली तर?

– आई होऊ घातलेली

---

प्रिय होऊ घातलेल्या आई,

रडेल. आणि रडली तर मला तुमची काळजी कमीच वाटेल.

तो दिवस जरा तिच्या उंचीवरून बघा. तिला भरवणारी, दटावणारी, नाक पुसणारी एक बाई आहे. तिची म्हणून एक कॉट आहे, शेजारच्या कॉटमध्ये रात्री खोकणारं एक पोर आहे. साबणाचा, चादरीचा ठरलेला वास आहे. तासाभरात हे सगळं सुटतं आणि वेगळ्याच वासाची, वेगळंच काहीतरी बोलणारी दोन माणसं तिला उचलून गाडीत बसवतात. तुम्ही कितीही वर्षं वाट पाहिलेली असो, तिने तुमची वाट पाहिलेली नाही. ती त्या बाईसाठी हंबरडा फोडते, याचा अर्थ तिला कुणाचातरी लळा लावता आला आहे. एकदा लागलेला लळा दुसऱ्या माणसालाही लागू शकतो. जे मूल पहिल्या मिनिटाला कुणाच्याही मांडीवर जाऊन बसतं आणि 'किती लाघवी!' म्हणून सगळे विरघळतात, त्याच्याकडे मी जास्त लक्ष ठेवीन. संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये अनोळखी-ओळखीचा भेद न करणारी अशी सलगी पुष्कळदा दिसते, आणि अशा मुलाला 'आपलं माणूस' म्हणजे कोण, हे अजून कळायचं असतं.

यजमानांना सांगा, प्रेम लागणारच, पण आठवड्याचा हिशेब सोडा. रुमानियात बुखारेस्टमधल्या अनाथालयांतल्या मुलांचा २००० च्या सुमारास सुरू झालेला एक दीर्घ अभ्यास आहे. संस्थेतून कुटुंबात गेलेली मुलं संस्थेतच राहिलेल्या मुलांपेक्षा नाती जोडण्यात स्पष्टपणे पुढे गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची प्रगती जास्त झाली. तुमची लेक तीनची आहे. म्हणजे दार बंद झालेलं नाही, पण काम महिन्यांचं आणि वर्षांचं आहे. हॉटेलच्या खोलीत ती तुम्हाला चिकटली आणि बाबाला जवळही येऊ देत नाही, किंवा नेमकं उलटं झालं, तर नाकारलेल्याने मनाला लावून घेऊ नये. मुलं पुष्कळदा आधी एकाच माणसाला निवडतात.

आता बॅग. खेळण्यांचा ढीग बाहेर काढा, त्याच्या जागी एक जाड वही ठेवा. तिला सांभाळणाऱ्या बाईंसोबत दुभाषा घेऊन निवांत तासभर मिळावा, हे आत्ताच तुमच्या दत्तक संस्थेकडे लेखी मागून ठेवा. ताबा मिळण्याच्या दिवशी हा तास मिळत नाही. त्या दिवशी सह्या असतात, फोटो असतात, पोर रडत असते आणि बाहेर गाडी उभी असते. विचारायचं काय, तर अगदी बारीकसारीक. झोपताना पाठीवर थोपटतात की केस कुरवाळतात? खोलीत दिवा असतो का? (बहुधा ती आजवर कधी एकटी झोपलेली नाही, तेव्हा घरी सजवलेली तिची स्वतंत्र खोली काही महिने तशीच राहू द्या.) भरवताना घास केवढा असतो, दूध कोमट लागतं की थंड? शू लागली की कुठला शब्द म्हणते? कशाला घाबरते: कुत्रा, पुरुषाचा आवाज, आंघोळीचं पाणी? तिची मैत्रीण कोण? त्या बाईंनी परवानगी दिली तर त्यांचा फोटो घ्या आणि त्यांच्याच आवाजात तिच्या नावाने चार वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून घ्या. इमारतीचं दार, तिची कॉट, जेवायची जागा यांचेही फोटो हवेत. दहा वर्षांनी ती 'मी आधी कुठे होते?' असं विचारेल, तेव्हा तुमच्या हातात काहीतरी असलं पाहिजे.

तिच्या अंगावरचे कपडे आणि पांघरूण मागून घ्या. काही ठिकाणी कपडे बालगृहाला परत द्यावे लागतात, तिथे बदली नवे कपडे देऊन जुने मागता येतात. आणि ते आणल्या-आणल्या धुवायला टाकू नका. कळकट असले तरी त्यांचा वास हीच तिची ओळखीची उरलेली शेवटची वस्तू असते. आंघोळीलाही पहिल्याच रात्री घाई नको.

तिच्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द पाठ करा, आणि पुस्तकी नमस्कार-चमत्कारापेक्षा कामाचे: दुखतंय का, अजून हवं, संपलं, भूक, पाणी, शू, झोप, मी इथेच आहे. ती भाषा बोलणाऱ्या कुणाकडून तरी उच्चार घटवून घ्या. ती भाषा तिच्या तोंडून काही महिन्यांत निसटायला लागेल, एवढ्या लहान वयात ते होतंच. तोवर हे शब्द तुमच्यातला पूल आहेत.

कागदांबद्दल थोडं लिहिते, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख ओझरता आहे. दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक करारात (एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याचे नियम घालून देणारा आंतरराष्ट्रीय करार) असतील, तर मुलीचा अहवाल तुमच्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, आलेलाच असतो. त्यात तिची पार्श्वभूमी, कुटुंबाचा आणि आजारांचा इतिहास, विशेष गरजा हे सगळं असावं असं करारच सांगतो. तो अहवाल पुन्हा नीट वाचा आणि जिथे फक्त 'माहिती नाही' लिहिलंय तिथे लेखी प्रश्न विचारा. आईची संमती बाळाच्या जन्मानंतरच घेतलेली आणि पैशाच्या मोबदल्याशिवायची असली पाहिजे. असे प्रश्न विचारल्याने आपण कृतघ्न ठरतो, असं वाटून गप्प बसू नका. दक्षिण कोरियात सरकारने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं, की मागच्या दशकांत परदेशी दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदींत फेरफार झाले, आईवडील असलेली मुलं अनाथ म्हणून दाखवली गेली. ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीत स्वतःची कागदपत्रं शोधत फिरताहेत. तुमच्या मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून मूळ जन्मदाखला, संमतीपत्र, न्यायालयाचा आदेश, बालगृहातल्या नोंदी यांच्या जेवढ्या प्रमाणित प्रती मिळतील तेवढ्या घ्या. दत्तकविधान करारानुसार झालं, असं प्रमाणपत्र तिथल्या अधिकाऱ्यांकडून मिळतं. ते हातात पडल्याशिवाय निघू नका.

पैशाचंही त्यातच सांगते. अधिकृत खर्च आणि रास्त व्यावसायिक शुल्क यापलीकडे कुणीही काही घ्यायचं नाही, असं करारात आहे. तिथे कुणी ऐनवेळी रोख 'देणगी' मागितली तर पावती मागा आणि त्याच दिवशी आपल्या दत्तक संस्थेला कळवा.

परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. काही देशांत ताबा देण्याआधी सोबत राहण्याचा ठरावीक काळ असतो, काही ठिकाणी दोन खेपा कराव्या लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी न्यायालयाचा आदेश झाला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत तो अंतिम होत नाही. मग तिचा पासपोर्ट, मग प्रवेशाचा व्हिसा. कचेऱ्या तुमच्या तिकिटाकडे बघून काम करत नाहीत.

तब्येतीचं. निघण्यापूर्वी तिचा वैद्यकीय अहवाल बालरोगतज्ज्ञांना दाखवा, दत्तक मुलांचा अनुभव असलेले मिळाले तर उत्तमच. एका दिवसाचं वजन फारसं काही सांगत नाही. उंची, वजन आणि डोक्याचा घेर यांची तारखांसकट जेवढी मोजमापं मिळतील तेवढी मागवा. ती वयाच्या मानाने बुटकी निघाली तर घाबरू नका. संस्थेत काढलेल्या दर तीनेक महिन्यांमागे उंची साधारण महिनाभर मागे पडते असा ढोबळ ठोकताळा आहे, आणि घरी आल्यावर बरीच मुलं ती भराभर भरून काढतात. परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत पूर्ण तपासणी करा: क्षयरोग, हिपॅटायटिस (यकृताला सूज आणणारा आजार), एचआयव्ही, जंत, रक्तातलं लोह, डोळे, कान. तिथे निकाल चांगला असला तरी इथे पुन्हा करा, आणि यांतल्या काही तपासण्या सहा महिन्यांनी परत कराव्या लागतात.

मुलाला न्या, असं माझं मत आहे. आईवडील काही आठवडे गायब होतात आणि बहीण घेऊन उगवतात, हा आठ वर्षांच्या पोरावर अन्याय आहे. पण त्याच्यासाठी एक वेगळं मोठं माणूस बरोबर हवं, ज्याने मुलीला एकदाही कडेवर घ्यायचं नाही. मुलाला फिरवायचं, त्याची चिडचिड ऐकायची, तो कंटाळला की त्याला बाहेर न्यायचं, एवढंच काम. संस्थेची हरकत नसेल तर सासूबाईंना न्या. हा मान त्यांचाच आहे असं सांगा. ते खरंही आहे, आणि त्या तुमच्याबरोबर विमानात असल्या की विमानतळावरची गर्दी जमवायला मागे कुणी उरत नाही.

नावावर मात्र माघार घेऊ नका. तीन वर्षांचं मूल स्वतःच्या नावाला ओ देतं. देश, भाषा, माणसं जाणारच आहेत, निदान हाक तरी तीच राहू दे. सासूबाईंचं नाव दुसरं नाव म्हणून कागदावर बसू शकतं. आणि नातेवाईक? पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, निजवणं, पडल्यावर उचलणं हे फक्त तुम्ही दोघांनी करायचं. बाकीच्यांनी लांबून हसावं. राग येईल काहींना, येऊ दे.

एक गोष्ट याच आठवड्यात करा. लहान मुलांना हिपॅटायटिस ए झाला तरी पुष्कळदा लक्षणं दिसत नाहीत आणि तो घरातल्या मोठ्यांना लागतो. म्हणून ज्यांना आधी लस मिळालेली नाही, अशा घरातल्या प्रत्येकाने पहिला डोस मूल घरात येण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावा असं सांगतात. गोवराची लस पूर्ण झाली आहे का, तेही बघून घ्या. तुम्ही, यजमान, मुलगा आणि सासूबाई, चौघांची वेळ एकदमच घ्या. सासूबाईंना दंड पुढे करायला लावण्याची जबाबदारी त्यांच्या मुलाची.

– तुमची ताई